दोन ते तीनचं चित्रण

“एक अठ्ठावन्नला तुम्ही खुर्चीतून उठलात,” हवालदार शेलार पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, “आणि तीन वाजून चार मिनिटांनी पुन्हा खुर्चीत. मधला तास कुठं गेला, दाबके काका?”

मी पडद्याकडे बघितलं. वरून दिसणारं माझं टक्कल मला नवं होतं. त्या छोट्या चित्रात मी हातात पुस्तक घेऊन उठलो होतो आणि पुढच्याच क्षणी रिकाम्या हातानं खुर्चीत बसलेला होतो.

“वीज गेली असेल,” माझ्या मागून शशिकांत पोतदार म्हणाला. चोरी त्याच्या दुकानात झाली होती, तरी मला सोडवायची घाई त्यालाच होती.

“नव्हती गेली. कोपऱ्यावरच्या गिरणीत विचारून आलोय. आणि काल चोरी झाली तेवढाच तास गायब आहे असंही नाही. परवाचाही नाही. सोमवारचाही नाही. काका, तुमच्याकडं रोज दोनला वीज जाते काय?”

बोलायच्या वेळी गप्प बसायचं आणि घरी गेल्यावर चांगलं उत्तर सुचायचं, ही माझी जन्माची सवय आहे.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा कासार आळीत माझं ‘नवरंग वाचनालय’ होतं, म्हणजे पुस्तकं आणि मासिकं भाड्यानं देण्याचं दहा बाय अठराचं दुकान. आता तिथे मोबाईल दुरुस्त होतात. समोर पोतदारांचं चांदीच्या भांड्यांचं दुकान. आळीची रीत अशी होती की दुपारी एक ते चार सगळी शटरं गुडघ्यापर्यंत खाली यायची. पूर्ण लावायचं नाही, कारण गिऱ्हाईक परत जाईल. उघडं ठेवायचं नाही, कारण मालकाचा डोळा लागतो. अर्धं शटर म्हणजे आत मालक झोपलाय, निकड असेल तर हाक मारा. आदल्या दिवशी, बुधवारी, शशिकांत आत गादीवर झोपलेला असताना कुणीतरी त्या शटरखालून शिरलं आणि काचेच्या कपाटातलं तबक आणि दोन समया घेऊन गेलं. तीनला तो जागा झाला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याची वायर भिंतीवर लोंबत होती.

कॅमेरे आळीत दसऱ्याच्या सुमारास आले होते. पोलिसांचा आदेश निघाला होता, सात पानांचा. प्रत्येक दुकानात एक कॅमेरा आत आणि एक रस्त्याकडे तोंड करून. तीस दिवसांचं चित्रण जपून ठेवायचं. दाराशी सूचनेची पाटी लावायची. कॅमेरे ठाण्यात नाव नोंदवलेल्या माणसाकडूनच बसवून घ्यायचे, आणि त्यानं आदेश वाचला व समजला अशी सही करायची. मालकानं दर महिन्याला दाखला द्यायचा की महिनाभर कॅमेरे अखंड चालू होते.

मी सातही पानं दोनदा वाचली. चित्रण साठवणाऱ्या यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तकही वाचून काढलं, बटणं दाबून बघितली. आळीतल्या तेवीस दुकानदारांपैकी दुसऱ्या कुणी एवढं केलं असेल असं वाटत नाही. काहींनी बसवलेला कॅमेरा काढून त्या जागी लाल दिवा लुकलुकणारा रिकामा डबा टांगला होता, काहींचं यंत्र पहिल्याच महिन्यात बंद पडलं होतं. हे सगळं चोरीनंतर उघड झालं. खरोखर चालू कॅमेरे दोनच निघाले, पोतदारांचे आणि माझे. पोतदारांची वायर दोन वाजून गेल्यावर ओढून काढलेली होती, आणि त्याआधीच्या चित्रणात कुणी दिसत नव्हतं. माझा बाहेरचा कॅमेरा थेट त्यांच्या शटरकडे बघत होता आणि नेमका तो तास माझ्याकडे नव्हता.

“वायर नेमकी कुठून ओढायची हे ठाऊक असलेलाच कुणीतरी आहे,” शेलार यंत्र बंद करत म्हणाले. “तुमच्या सगळ्यांचे कॅमेरे दिगंबर लोहारानं बसवलेत ना? त्याला सकाळीच ठाण्यावर आणलाय. काल दोन ते तीन कुठं होतास म्हटलं, तर सांगत नाही. नुसता फरशीकडं बघतोय.”

“दिगंबर तसा माणूस नाही हो,” शशिकांत म्हणाला, पण आवाज पडलेला होता.

“मग सांगावं की कुठं होता ते.”

तो कुठे होता ते मला ठाऊक होतं. शेलार ज्या टेबलाला टेकून उभे होते, त्याच टेबलाशी तो माझ्यासमोर बसला होता.

दिगंबर तेव्हा चाळिशीचा असेल. वडील गावोगाव भाता घेऊन फिरणारे. त्यामुळे याची शाळा दुसरीतच सुटली. पुढे कोल्हापुरात एका वायरमनच्या हाताखाली तो काम शिकला. हात इतका स्वच्छ की भिंतीला भोक पाडलं तरी खाली चुन्याचा कण दिसायचा नाही. माझ्याकडचं काम संपवल्यावर त्यानं दाराच्या काचेवर पाटी चिकटवली. ‘सावधान. आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात.’ ती त्यानं उलटी चिकटवली.

दुसऱ्या कुणीही हसून सांगितलं असतं. मला ते जमेना. तो पिशवी आवरून गेला, तेव्हा मी ब्लेडनं पाटी सोडवली आणि सुलटी लावली. एक कोपरा फाटला.

आठवड्यानं तो काहीतरी तपासायला आला आणि दारातच थबकला.

“काका, ही पाटी कुणी फिरवली?”

“मीच. जरा तिरकी वाटत होती.”

“तिरकी?”

“थोडी.”

तो बराच वेळ फाटक्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि काम न करताच गेला. मला वाटलं, मी चुकलो. न सांगता केलं हे चुकलं की केलं हेच चुकलं, यावर मी दिवसभर विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शटरखालून हाक आली.

“काका, जागं हाय का?”

तो वाकून आत आला आणि उभाच राहिला.

“पाटी उलटी हुती न्हवं?”

“हो.”

“आळीत आनि कुठं उलटी हाय?”

मी कालच सगळीकडे बघून आलो होतो. “तांबटांकडे एक आहे.”

“ती न्हाई फिरवलीत?”

“दुसऱ्याच्या दारात जायचा धीर झाला नाही.”

“म्हंजे अजून तशीच हाय. आनि तांबट काय बोललं न्हाईत?”

“पाट्या कुणी वाचत नाही रे,” मी म्हणालो. त्यावर तो पहिल्यांदा हसला. मग समोरच्या बाकड्यावर बसला.

“मला वाचायला शिकवा. पण पोरांच्या चिऊकाऊच्या गोष्टी नगंत. तेवीस दुकानांच्या कागदावर म्या सही केलीया. वाचला आनि समजला, असं त्यात लिवलंय म्हंत्यात. सही मला येती. वर काय लिवलंय ते येत न्हाई. मी ज्याच्याखाली सही करतो ते मला वाचायचंय.”

कुणाला कळलं तर नोंदणी जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोलाही त्यानं कधी कळू दिलं नव्हतं. पेपर घेऊन बसायचा, म्हणाला, चित्रं बघत.

मी हो म्हणालो. मग त्याची नजर वर गेली. आदेशात ‘संपूर्ण अंतर्गत भाग’ असं लिहिलेलं असल्यामुळे मी आतला कॅमेरा बरोबर टेबलाच्या डोक्यावर लावून घेतला होता. पोलिसांनी कधी चित्रण तपासायला घेतलं तर आळीतली चार माणसं सिनेमा बघावा तशी मागे उभी राहणार, हे नक्की होतं.

“हे बंद करावं लागंल,” दिगंबर म्हणाला आणि त्यानंच यंत्राची पिन काढली. त्यासरशी आतला आणि बाहेरचा दोन्ही कॅमेरे बंद झाले.

असं दिवाळीपासून रोज चाललं. बाजारातून मी अंकलिपी आणली होती. ‘ळ’ पाहून तो म्हणायचा, ही गाठ मारलेली वायर. काना-मात्रा त्याला लवकर आल्या. शिमगा जवळ आला तेव्हा आम्ही जोडाक्षरांना नुकताच हात घातला होता आणि तिथे त्याची गाडी अडत होती. महिनाअखेरीला मी ‘कॅमेरे अखंड चालू होते’ या ओळीखाली सही करायचो. पहिल्या महिन्यात हात थांबला. दुसऱ्या महिन्यात थोडा कमी थांबला. तिसऱ्या महिन्यात मी सही करून लगेच पेपर वाचायला घेतला, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

त्याच गुरुवारी दुपारी मी ठाण्यावर गेलो. शेलारांनी बोलावलं होतंच, शशिकांतही बरोबर आला. दिगंबर ओसरीवरच्या बाकावर बसला होता, पिशवी पायाशी. शशिकांत पुढे गेल्यावर मी क्षणभर त्याच्यापाशी थांबलो.

“सांगून टाकतो,” मी हळूच म्हणालो.

“नगा, काका.”

“अरे, चोरीचा आळ आहे.”

“चोरीत नाव गेलं तर नोंदणी जाती. अडानी म्हनून गेलं तरी जाती. मग निदान दुसरं तरी झाकलेलं ऱ्हाऊ द्या. घरात दोन पोरी शिकत्यात.”

आतून मला हाक आली.

फौजदार जाधवर मॅडम तिशीच्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, शशिकांतला भिंतीशी बसवलं. शेलार कागद घेऊन टेबलाच्या कडेला बसले.

“काका, तुमचा कॅमेरा रोज दोनला बंद व्हायचा. कोण करायचं?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी आणि दिगंबर.”

शशिकांतची खुर्ची करकरली.

“काल तो माझ्याकडे होता,” मी म्हणालो. “दोनला दोन मिनिटं कमी असताना आला, तीन वाजून गेल्यावर गेला. मध्ये पाणी प्यायलाही उठला नाही.”

“खात्री आहे?”

कुलूप लावून मी तीनदा परत जाऊन ओढून बघतो. सभासदाला पुस्तक दिल्यावर तेच दिलं का, म्हणून वहीत पुन्हा बघतो. माझी खात्री कुणी कधी विचारली नव्हती, आणि ते योग्यच होतं. कॅमेरा चालू असता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. त्यात दिगंबर दिसला असता आणि शशिकांतचा चोरही दिसला असता.

“हो,” मी म्हणालो. “खात्री आहे.”

“काय करत होता तुमच्याकडं?”

मी रस्त्यानं काहीही ठरवून आलो नव्हतो.

“मला शिकवत होता.”

“काय?”

“ते यंत्र. चालू कसं करायचं, मागचं कसं बघायचं. मला त्यातलं काही कळत नाही. मालकाला ते चालवता आलं पाहिजे असं आदेशात आहे. मी महिन्याच्या महिन्याला सह्या करत होतो आणि मला बटण ठाऊक नव्हतं. चारचौघांत विचारायची लाज वाटली. म्हणून दुपारी, शटर खाली असताना.”

“किती दिवस?”

“दिवाळीपासून. रोज.”

“चार महिने?”

“मला लवकर कळत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पण शिकताना कॅमेरे बंद कशाला?”

“माझ्या हातून आधीचं पुसलं जाईल अशी भीती वाटायची. म्हणून पिन काढूनच शिकायचो.”

“यंत्र बंद ठेवून यंत्र शिकत होतात?”

“हो. म्हणून तर चार महिने लागले.”

आधी शशिकांत हसला. मग शेलार हसले. मॅडमनी हसू आवरलं, पण डोळ्यांत राहिलं. सगळ्यांना ते लगेच पटलं. कुणाला जराही शंका आली नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

“मग तो सांगत का नाही?”

“मीच बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “शेलार, काकांचा जबाब लिहून घ्या. मग लोहाराला आत घ्या. काका, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. त्यानं जबाब स्वतः वाचायचा, त्यात काय आहे ते आपल्या तोंडानं सांगायचं, आणि खरं असेल तर खाली सही करायची. तुमचं ठरवून चाललंय का ते वाचताना त्याच्या चेहऱ्यावर कळेल.”

शेलारांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागले, “सदर इसम मला उपरोक्त यंत्राचे प्रशिक्षण देत असे...”

“शेलार,” मी म्हणालो, “सोपं लिहाल का जरा?”

“म्हणजे?”

“सदर इसमऐवजी दिगंबर. आणि ते प्रशिक्षण नको. दिगंबर मला शिकवत होता, एवढंच.”

“काका, दुकानात चार हजार पुस्तकं, आणि सोपं मागताय?”

“मी असं बोललोच नव्हतो. मी जसं बोललो तसं लिहा. आणि अक्षर जरा मोठं काढा.”

पोलिसाला असं सांगणारा मी मीच होतो का, असं मला तेव्हाही वाटलं होतं. शेलारांनी मॅडमकडे पाहिलं.

“लिहा हो सोपं,” त्या म्हणाल्या. “आम्हालाही वाचायचं असतं.”

अकरा ओळी झाल्या. मी सही केली. दिगंबरला आत आणलं, मॅडमनी काय करायचं ते सांगितलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलो. मग त्यानं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मनात वाच, ओठ हलवू नकोस, असं मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. त्याचे ओठ हलत होते. बोट एका अक्षराखालून दुसऱ्या अक्षराखाली जात होतं, भिंतीत वायर शोधताना जातं तसं.

“काय रे, पाठ करतोस काय?” शेलार म्हणाले.

“वाचू दे,” मॅडम म्हणाल्या. “सही करायच्या आधी एवढं नीट वाचणारा माणूस मी इथं पहिल्यांदा बघतेय.”

पाचव्या ओळीत ‘यंत्र’ होतं. त्याला सोपा शब्द मला सुचला नव्हता. बोट तिथे थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. बोट पुढे सरकलं.

आठव्या ओळीवर ते परत थांबलं. ‘मला त्यातलं काही कळत नाही.’ त्या ओळीत त्याला अडावं असं काही नव्हतं, ‘त्यातलं’ आम्ही चार वेळा घोटून घेतलं होतं. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मला कॅलेंडरकडे बघता आलं नाही.

त्यानं उरलेल्या तीन ओळी वाचल्या.

“काय लिहिलंय?” मॅडमनी विचारलं.

“काका शिकत हुते. मी शिकवत हुतो. रोज दोनला.”

“खरं आहे?”

त्यानं बोट कागदावरून उचललं. हा आता नाही म्हणणार, असं मला वाटलं, आणि त्याचा तो हक्कच होता.

“रोज दोनला आमी दोघं शिकायला बसायचो,” तो म्हणाला. “ते खरं हाय.”

“कर सही.”

शेलारांनी सहीची जागा दाखवायला बोट पुढे केलं.

“दिसतीया मला,” दिगंबर म्हणाला आणि त्यानं सही केली.

पुढचं थोडक्यात सांगतो. दीड महिन्यानं समया दुसऱ्या गावच्या बाजारात सापडल्या. नेणारा माणूस आळीत कुणाच्या ओळखीचाही नव्हता, आणि वायर दिसली तशी ओढली होती. मला खोट्या दाखल्यांबद्दल लेखी समज मिळाली, ती माझ्या कपाटात आहे. वाचनालय बंद करेपर्यंत शशिकांत अधूनमधून समोरून ओरडून विचारायचा, “काका, शिकवणी कुठवर आली?” आणि मी हात वर करायचो. पोलिसांच्या कागदावर मी खोटं लिहून दिलं ते बरोबर केलं की नाही, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी आणि दिगंबर ठाण्यावरून चालत आळीत परतलो. तांबटांच्या दुकानाशी येताच तो थांबला. पिशवीतून त्यानं ब्लेड काढलं आणि दाराच्या काचेवरच्या पाटीचा एक कोपरा सावकाश सोडवायला लागला. तांबट गल्ल्यावरून उठून बाहेर आले.

“काय रे, काय झालं?”

“उलटी हाय.”

तांबटांनी मान वाकडी करून बघितलं. “अरे, खरंच की. कधीपासून?”

“मी लावली तवापासून,” दिगंबर म्हणाला. पाटी अखंड हातात आली. त्यानं ती फिरवली, ओठ हलवत एकदा वाचली आणि काचेवर दाबून बसवली.

“एवढे महिने कुणी बोललं कसं नाही?”

“वाचली नसंल कुणी,” तो म्हणाला आणि ब्लेड पुसून पिशवीत टाकलं.